ग्रॅव्हिटी बाराशे साठ

जुन्या पद्धतीचा साधा बॅटरी चार्जर म्हणजे पत्र्याचा डबा, आत एक जडशीळ ट्रान्सफॉर्मर, चार डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा) आणि दर्शनी बाजूला करंट मोजणारा काट्याचा अँमीटर. बॅटरी न जोडता त्याच्या लाल-काळ्या चिमट्यांना मल्टीमीटर लावला, तर मीटर साडेनऊ-दहा व्होल्ट दाखवतो. मग हा डबा बारा व्होल्टची बॅटरी चार्ज करणार कसा? डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी आमच्या वर्कशॉपमध्ये यावरून चांगलीच जुंपली होती. अर्धा वर्ग म्हणत होता, चार्जर बिघडलाय. उरलेला म्हणत होता, मीटर. दोन्ही धडधाकट होते.

घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे झुलते. २३० हा आकडा तिच्या कामाच्या ताकदीचा. प्रत्येक झोक्यात ती प्रत्यक्षात ३२५ व्होल्टपर्यंत चढते, शून्यावर येते आणि मग उलट बाजूला तेवढीच जाते. ट्रान्सफॉर्मर २३० चे १२ करतो, तेव्हा झोक्याचं टोक १७ व्होल्टच्या आसपास येतं. चार डायोडांचा ब्रिज उलटा झोका सुलटा करून देतो आणि त्या कामाचे दीडेक व्होल्ट स्वतः खातो. बाहेर पडते ती सेकंदाला शंभर टेकड्यांची रांग. पायथा शून्यावर, माथा साडेपंधरावर. डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर) लावलेला मीटर या टेकड्यांची सरासरी काढून साडेनऊ-दहा सांगतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. पण बॅटरीला सरासरीशी देणंघेणं नसतं. टेकडी तिच्या स्वतःच्या व्होल्टेजच्या वर आली की तेवढ्या माथ्यापुरता करंट ती आत घेते. टेकडी खाली गेली की डायोड आडवे येतात, त्यामुळे आत गेलेलं मागे फिरत नाही. सेकंदाला शंभर छोटे घास, मधे मधे उपास. चिमटे बॅटरीला लावले की तोच मीटर निमूटपणे साडेबारा-तेरा दाखवायला लागतो.

अशा चार्जरमध्ये सपाटीकरणाचा कपॅसिटर नसतो. तो कंजूषपणा नव्हे, त्याची गरजच नसते. रेडिओला हाच ओबडधोबड डीसी दिला तर गाण्याच्या मागे अखंड गुणगुण ऐकू येते. म्हणून आमच्या घरच्या एलिमिनेटरमध्ये (सेल वाचवायला टेपरेकॉर्डरला लावायचा तो काळा ठोकळा, तीन ते बारा व्होल्टचा सरकता खटका असलेला) एक हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असे. बॅटरीला मात्र गुळगुळीत डीसीचं कौतुक नाही. दिशा बरोबर असली की तिला पुरतं.

आणि दिशा देणं आज इतकं स्वस्त झालंय की त्याला तंत्रज्ञान म्हणायची लाज वाटावी. पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या कुठल्याही काउंटरवर १एन४००७ नावाचा डायोड मागा. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, काळा, एका टोकाला रुपेरी पट्टा. एक अँपिअर करंट नेतो आणि उलट बाजूने हजार व्होल्ट अडवतो. दुकानदार तो सुटा द्यायलाही कुरकुरतो. मोठ्या चार्जरला नट-बोल्टसारखे आटे असलेले डायोड लागतात, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर कसून बसवलेले, पण काम तेच.

या एका कामासाठी माणसांनी काय काय केलंय! १८७४ मध्ये जर्मनीत फर्डिनांड ब्राउनच्या लक्षात आलं, की काही खनिज स्फटिक वीज एका दिशेने जास्त सहज जाऊ देतात. जगदीशचंद्र बोसांनी गॅलेना स्फटिक रेडिओ लहरी पकडायला वापरला, आणि त्याचं अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ मध्ये मिळालं. चार झडपांची ब्रिजची जुळणी त्याहून थोडी आधीची, १८९५-९६ च्या सुमाराची. ती सुचली कारोल पोलाक नावाच्या पोलिश माणसाला, आणि हा गृहस्थ बॅटऱ्यांच्याच धंद्यातला. सिलिकॉन तेव्हा कुठलं? त्याच्या झडपा म्हणजे द्रावणात बुडवलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. नंतर पाऱ्याच्या वाफेचे निळसर उजेडाचे काचेचे फुगे आले. अमेरिकेत १९१० च्या दशकात श्रीमंतांच्या विजेच्या मोटारी गॅरेजमध्ये त्यांच्यावर चार्ज होत. विजेच्या मोटारी नव्या नाहीत, हे ऐकून आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच जणांचा हिरमोड होतो.

आपल्याकडे एसीचा (झुलत्या विजेचा) डीसी करण्याचा एक अवाढव्य कारभार लोकलचा. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे देशात इतरत्र २५ हजार व्होल्ट एसी आलं, आणि कसारा घाट चढून गाडी इगतपुरीला पोचली की इंजिन बदलायला थांबू लागली. त्या थांब्यावर कित्येक वडेवाल्यांचे संसार चालले. २०१६ मध्ये मध्य रेल्वेच्या मुंबई विभागातलं डीसी संपलं. संपलं म्हणजे डोक्यावरच्या तारेतून गेलं. आता तारेतलं एसी गाडीतच सरळ केलं जातं आणि मोटरींसाठी त्याचं पुन्हा तीन फेजचं एसी होतं. सबस्टेशनच्या इमारतीत मावणारं काम डब्याच्या पोटाखाली गेलं.

पण हे झालं दिशेचं. मला ज्यात खरा रस आहे तो प्रश्न वेगळा: थांबायचं कधी? सरळ करणं चार डायोडांचं काम. थांबणं हे कुणाचं काम, यावरून चार्जर कुठल्या जमान्यातला ते कळतं.

फलटणला एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला एक चार्जिंगचं दुकान होतं. ऐंशीच्या दशकाचा शेवट. गावात वीज होती, पण रानातल्या वस्त्यांवर सगळीकडे पोचली नव्हती. वस्तीवर बारा व्होल्टवर चालणारा ब्लॅक अँड व्हाइट पोर्टेबल टीव्ही असे, आणि रविवारच्या सकाळसाठी शुक्रवारीच बॅटरी सायकलच्या कॅरियरला बांधून दुकानात येई. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या येत, जीपच्या येत, लग्नसराईत स्पीकरवाल्यांच्या येत. निवडणूक लागली की प्रचाराच्या जीपांवरच्या अँप्लिफायरसाठी तर रांग. आमच्या ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन आप्पांबरोबर मी जायची. "पोरीचं काय काम इथं ॲसिडात?" असं तिथं कुणी ना कुणी म्हणायचंच. दुकानाचे मालक चाचा मात्र मला एका उपड्या खोक्यावर बसवायचे आणि आपल्या कामाला लागायचे.

लाकडी फळीवर बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर खडूने मालकाचं नाव. एकीचं प्लस दुसरीच्या मायनसला, अशी सगळी रांग सिरीजमध्ये. सिरीजमध्ये सगळ्यांतून करंट सारखाच जातो, म्हणून चाचा ट्रॅक्टरची मोठी बॅटरी आणि मोटरसायकलची छोटी कधी एका रांगेत बसू देत नसत. हिशेब सरळ: बॅटरी जेवढ्या अँपिअर-अवरची (तिच्यात किती वीज मावते त्याचं हे माप), त्याच्या एक दशांश करंट, दहा-बारा तास. ८० ची असेल तर ८ अँपिअर. चार्जरच्या डब्यावर दोन मोठे खटके, एक ढोबळ आणि एक बारीक. ते फिरवून काटा आठावर आणायचा, की मशीनचं काम संपलं. पुढचं सगळं चाचांकडे.

बॅटरीचं पोट भरतंय हे कळायचं कसं? बॅटरी उतरते तेव्हा ॲसिडमधलं सल्फेट दोन्ही प्लेटांना जाऊन चिकटतं आणि ॲसिड पातळ होत जातं. चार्जिंगला लावली की ते सल्फेट प्लेटा सोडून पुन्हा ॲसिडात येतं आणि ॲसिड जड होतं. म्हणजे ॲसिड किती जड झालं हे मोजलं की झालं. चाचांच्या हातात काचेची पिचकारी असे, हायड्रोमीटर. रबरी फुगा दाबून प्रत्येक सेलमधलं ॲसिड वर ओढायचं, आतल्या तरंगत्या नळीवरचा आकडा वाचायचा, ॲसिड परत सोडायचं. पार उतरलेली बॅटरी ११५० च्या खाली-वर, भरलेली १२६०. पाण्याची घनता १००० धरून हे आकडे. थंड मुलुखात १२८० पर्यंत नेतात, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेवढं तेज ॲसिड प्लेटांना लवकर खातं, म्हणून बाराशे चाळीस ते साठ. दुकानात याला 'ग्रॅव्हिटी' म्हणत, आणि दशांश चिन्हाच्या भानगडीत कुणी पडत नसे.

"हिला बास आता. बाराशे साठ झाली. आणखी दिलं तर नुसतं पाणी उकळंल," असं म्हणून चाचा एक बॅटरी रांगेतून काढत आणि उरलेल्यांची जोडणी पुन्हा लावत.

हे उकळणं म्हणजे तापून उकळणं नव्हे. सल्फेट संपलं की करंटला करायला दुसरं काम राहत नाही, मग तो पाणीच फोडायला घेतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे येतात, पाण्याची पातळी उतरते, प्लेटांवरचा मसाला सुटून तळाशी बसतो. थोडे बुडबुडे हवेच असतात, त्यांनी ॲसिड ढवळलं जातं. तासन् तास चालू राहिले की बॅटरीचं आयुष्य कमी. चाचा नुसत्या आवाजावरून सांगत, कुठली बॅटरी आता बुडबुडायला लागली. बुडबुड्यांमुळेच दुकानात विडीला बंदी होती. वाटेल त्या पुढाऱ्याला ते बाहेर उभं करत. त्यांच्या खाकी शर्टाला पोटावर बारीक भोकांची जाळी झालेली, आणि खाण्याच्या सोड्याचा डबा कायम हाताशी.

"पाटील, ही उद्या सकाळच्याला न्या. पाचवा सेल मागं राहतुया," असं आप्पांना सांगितलं की आप्पा काही न बोलता उठत. सहापैकी एका सेलची ग्रॅव्हिटी इतरांबरोबर चढत नसेल, तर त्या सेलचे दिवस भरले, हे त्यांनाही कळत होतं. सहा सेल, प्रत्येकी दोन व्होल्टच्या किंचित वर. एक लंगडा झाला की बॅटरी दहाची होते आणि ट्रॅक्टरचा स्टार्टर नुसता 'टक्' करून गप्प बसतो.

चाचांची खरी परीक्षा महिन्याच्या हिशेबात नव्हती, व्होल्टेजमध्ये होती. दुपारी रानात पंप सुरू असले की दुकानातला बल्ब निखाऱ्यासारखा लाल. २३० ऐवजी १७० व्होल्ट येत असतील, तर सुरुवातीला सांगितलेल्या साध्या चार्जरचा बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर नऊही देत नाही. टेकडीचा माथा डायोडांचं खाणं वजा जाता अकरावर येतो. म्हणजे चार्जर चालू, दिवा चालू, आणि बॅटरीत शून्य. एकट्या बॅटरीचा साधा चार्जर घरी आणून लावणाऱ्यांना हे कळतच नसे. "रात्रभर लावली होती," असं ते शपथेवर सांगत. उलट रात्री पंप बंद झाले आणि व्होल्टेज २५० वर गेलं, की माथा सतराला टेकतो आणि बॅटरी सकाळपर्यंत उकळत राहते. चाचा यासाठी रात्री उठून ढोबळ खटका एक घर मागे घेत. त्यांचं घर दुकानाच्याच मागे होतं.

एक जुगाड मात्र त्यांनी कधी चालू दिलं नाही, आणि ते मी अजून खेड्यांत ऐकते म्हणून लिहिते. ट्रान्सफॉर्मर नाही; थेट मेनमधून एक डायोड, त्याला सिरीजमध्ये शंभर वॅटचा बल्ब, आणि पुढे बॅटरी. करंट बल्बमुळे मर्यादित राहतो, हे खरं. पण तो भरतो जेमतेम ०.२ अँपिअर, म्हणजे ३५ अँपिअर-अवरची बॅटरी भरायला आठवडा. आणि त्या आठवडाभर बॅटरीचे टर्मिनल थेट मेनशी जोडलेले! ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज कमी करत नाही. दोन वेटोळ्यांत तारेचा संबंध नसतो, वीज लोखंडातल्या चुंबकत्वातून पलीकडे जाते, म्हणून चिमट्याला हात लागला तरी माणूस वाचतो. त्या बल्बवाल्या जुगाडात ओल्या जमिनीवर उभं राहून टर्मिनलला हात लावला तर फक्त बारा व्होल्ट भेटतील असं समजू नका.

मग आलं लोडशेडिंग. दोन हजारच्या दशकाच्या मध्यावर महाराष्ट्रात ज्यांनी संसार केला त्यांना त्याबद्दल काही सांगायला नको. घरोघरी इन्व्हर्टर आले, गॅलरीत दीडशे अँपिअर-अवरच्या ट्यूब्युलर बॅटऱ्या आल्या, आणि चार्जिंगचं दुकान एका परीने प्रत्येकाच्या घरात आलं. मला या यंत्राचं एक वैशिष्ट्य फार आवडतं. आपल्याकडच्या त्या जड इन्व्हर्टरांत ट्रान्सफॉर्मर एकच. वीज गेली की मॉसफेट नावाचे झटपट चालू-बंद होणारे स्विच बॅटरीच्या डीसीचे तुकडे तुकडे करतात आणि हा ट्रान्सफॉर्मर त्यातून घरासाठी एसी देतो. वीज आली की तोच ट्रान्सफॉर्मर उलटा चालतो, आणि मघाशी तुकडे करणारे मॉसफेट आपल्या अंगच्या डायोडांनी ब्रिजचं काम करतात. चार तास वीज जाऊन आली की पुढे कितीतरी वेळ घरात एक खर्जातली घरघर चालू राही. ती बॅटरीच्या जेवणाची.

यात थांबण्याचा निर्णय पहिल्यांदा चाचांच्या हातून निघून एका चिपकडे गेला. आधी ठरलेला करंट, साधारण १५ अँपिअर. बॅटरी १४.४ व्होल्टला पोचली की व्होल्टेज तिथंच धरून ठेवायचं आणि करंट आपोआप उतरू द्यायचा. तो पुरेसा उतरला की १३.६ च्या आसपास नुसतं टेकू देत राहायचं. चिपला ग्रॅव्हिटी कळत नाही, पिचकारी नाही. तिला फक्त व्होल्टेज आणि करंट दिसतं, आणि त्यावरून ती अंदाज बांधते. बहुतेक वेळा बरोबर. एक सेल लंगडा असेल तर बॅटरी १४.४ ला कधी पोचतच नाही आणि चिप बिचारी देतच राहते, पाणी आटत राहतं. तिथं पाचवा सेल मागे राहतोय हे सांगणारं कुणी नसतं. डिस्टिल्ड वॉटर घालायची आठवण मात्र घराघरात बायकांवर आली. हे का, ते मला आजवर कुणी समाधानकारक सांगितलेलं नाही.

मोबाइलच्या चार्जरने तर सगळा खेळच उलटा केला. त्याचं वजन इतकं कमी कसं, हा प्रश्न ज्यांनी जुना एलिमिनेटर हातात धरलाय त्यांना पडायला हवा. सेकंदाला पन्नास झोक्यांवर चालणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला भरपूर लोखंड लागतं. झोके वाढवले की लोखंड कमी चालतं. म्हणून हा आधी २३० चा एसी थेट सरळ करतो, आत ३२५ व्होल्टचा डीसी तयार होतो. मग एक ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखभर वेळा तो तोडतो, आणि बोराएवढा फेराइटचा ट्रान्सफॉर्मर ते तुकडे पाच व्होल्टवर उतरवतो. म्हणजे एसीचा डीसी, डीसीचं पुन्हा झुलतं एसी, आणि त्याचा परत डीसी. द्राविडी प्राणायाम, पण खिशात मावतो. त्याच्या पाठीवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं. चाचांच्या लाल बल्बच्या दुपारी तो बिनतक्रार चालला असता. मात्र तो उघडून बघायची हौस आली तर आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ ३२५ व्होल्ट धरून बसतो, एवढं ध्यानात ठेवा.

आणि थांबण्याचा निर्णय? तो या ठोकळ्यात नाहीच. ठोकळा नुसता पुरवठा करतो. लिथियमची बॅटरी बहुतेक वेळा ४.२ व्होल्टला भरते आणि त्याच्या वर गेलेलं तिला अजिबात खपत नाही. चाचांच्या दुकानातली लेड-ॲसिड बॅटरी जास्त झालं तर पाणी उकळून राग काढते, लिथियम पेट घेऊ शकते. म्हणून हिशेब ठेवणारी चिप फोनच्या आत, बॅटरीच्या शेजारी बसवलेली असते. फास्ट चार्जिंगला तर फोन आणि ठोकळा आधी आपसात बोलतात, किती व्होल्ट आणि किती अँपिअर ते ठरवतात, आणि मग सुरुवात होते. विजेच्या मोटारीचंही तेच. घरच्या १५ अँपिअरच्या पॉइंटला लावली तर एसीचा डीसी करणारा चार्जर गाडीच्या आतच असतो, भिंतीवरची पेटी म्हणजे शहाणा स्विच. हायवेवरच्या फास्ट चार्जरचं मोठं कपाट डीसी बाहेरच तयार करतं आणि थेट बॅटरीला देतं. पण किती द्यायचं हे तिथंही गाडीच दर क्षणी सांगते, आणि कपाट ऐकतं.

आमच्या पार्किंगमध्ये सध्या याच विषयावर रोज चर्चा झडते. खालच्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकांनी विजेची स्कूटर घेतली. त्यांची तक्रार अशी, की ऐंशी टक्क्यांपर्यंत भर्रकन चढते आणि शेवटचे वीस टक्के रेंगाळतात, चार्जर बनवाबनवी करतो. मी त्यांना सांगितलं, व्होल्टेज शेवटच्या मर्यादेला पोचलं की करंट कमी कमी करत नेतात, सेल एकमेकांच्या बरोबरीला आणतात, त्याला वेळ लागणारच. "मग मी ऐंशीलाच काढत जातो," काका म्हणाले. म्हटलं, काही लिथियम बॅटऱ्यांना ते मानवतं. पण लोह-फॉस्फेटची असेल तर तिला अधूनमधून शंभरपर्यंत नेलेलं बरं, नाहीतर किती उरलंय याचा तिचा स्वतःचाच अंदाज चुकायला लागतो.

"मग माझी कुठली?"

मॅन्युअल बघू म्हटलं. त्यांनी सीट उचलली, खालून ते काढलं. अजून सीलबंद पिशवीतच होतं. काकांनी ते एकदा उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "तूच वाच आणि सांग, मी तोवर चहा ठेवायला सांगतो."